आठवड्याला पाच मिनिटे गाडी सुरू करण्याचा सल्ला बॅटरीच्या मुळावर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मोटरसायकल महिना-दोन महिने उभी राहणार असली की ‘आठवड्यातून एकदा पाच-दहा मिनिटे सुरू करून ठेवा’ हा सल्ला हमखास मिळतो. शेजारी देतात, गाडी विकणारे देतात, वाहनविषयक सदरांतही तो अधूनमधून डोकावतो. आम्ही दुचाकींच्या विजेचे काम करणारे आहोत. हा सल्ला इमानेइतबारे पाळूनही बॅटरी बसलेल्या गाड्या येतच राहतात, म्हणून हा पत्रप्रपंच.

आधी हिशेब पाहू. सेल्फ मारताना सेल्फची मोटर साधारण ६० ते १०० अँपिअर ओढते, पण दोन-तीन सेकंदच. ८० अँपिअर आणि तीन सेकंद धरले तरी बॅटरीतून जेमतेम ०.०७ अँपिअर-तास (एक अँपिअर एक तास वाहिला की एक अँपिअर-तास) वीज जाते. म्हणजे चांगली बॅटरी सेल्फ मारून उतरत नाही, ती उभ्या-उभ्या उतरते. आणि एकदा उतरली की पाच मिनिटांत भरत नाही. पाच अँपिअर-तासाची बॅटरी निम्मी उतरली असेल तर तिला अडीच अँपिअर-तास परत द्यावे लागतात. आयडलवर, म्हणजे थ्रॉटल सोडून इंजिन नुसते सुरू असताना, इंजिनाच्या फिरण्यातून वीज बनवणारी मॅग्नेटची कॉइल हेडलाइट, इग्निशन आणि पेट्रोल पंप यांचा खर्च कसाबसा भागवते. बॅटरीच्या वाट्याला उरते ते नावापुरते. त्यातून शेवटचे वीस टक्के चार्जिंग शिसे-आम्लाची बॅटरी सावकाशच घेते. तुम्ही कितीही करंट देऊ केला तरी ती स्वतःच्या गतीने काही तास घेणार.

इंजिनाचे नुकसान होते ते वेगळेच. एक लिटर पेट्रोल जळले की साधारण एक लिटर पाणी वाफेच्या रूपात तयार होते. गाडी रस्त्यावर पळत असेल तर ही वाफ बाहेर पडते. पाच मिनिटांत सायलेन्सर नीट तापतच नाही, त्यामुळे ती आतल्या पत्र्यावर पाणी होऊन साचते. थोडी पिस्टनच्या बाजूने खाली ऑइलमध्ये उतरते. अशा गाडीच्या ऑइल भरण्याच्या झाकणाखाली कधीकधी दुधाळ, पिवळसर साय दिसते. सायलेन्सर आतून गंजतो तोही असाच. गाडी सुरूच करायची असेल तर ती बाहेर काढून किमान वीस-पंचवीस मिनिटे नेहमीच्या वेगाने चालवा. ते जमणार नसेल तर तिला हात न लावणे बरे.

उभ्या गाडीची बॅटरी दोन वाटांनी उतरते. पहिली वाट बॅटरीच्या आतच असते. तिला एकही वायर जोडलेली नसली तरी ती हळूहळू रिकामी होत जाते. सीलबंद एजीएम बॅटरी (हिच्यात ॲसिड काचतंतूंच्या गादीत शोषलेले असते) २५ अंश तापमानाला महिन्याला साधारण तीन टक्के उतरते, पाणी घालायची जुन्या पद्धतीची बॅटरी त्याहून बरीच जास्त. तापमान दहा अंशांनी वाढले की हा वेग अंदाजे दुप्पट होतो. उन्हात तापणाऱ्या पत्र्याच्या शेडमधली गाडी लवकर बसते याचे कारण हेच.

दुसरी वाट मोठी आहे आणि तिच्याकडे कोणी पाहत नाही. चावी काढली तरी डिजिटल मीटरचे घड्याळ, ईसीयूची (इंजिन चालवणाऱ्या छोट्या संगणकाची) स्मृती, अलार्म, बाहेरून बसवलेला जीपीएस ट्रॅकर थोडी थोडी वीज खातच असतात. समजा हा खर्च फक्त चार मिलिअँपिअर आहे. दिवसाचे २४ तास आणि महिन्याचे ३० दिवस धरले की तो २.८८ अँपिअर-तासांवर जातो, म्हणजे पाच अँपिअर-तासाच्या बॅटरीतले निम्म्याहून अधिक! बहुतेक साध्या गाड्यांत हा खर्च एक-दोन मिलिअँपिअरच्या आसपास असतो, पण ट्रॅकर किंवा हलक्या प्रतीचा अलार्म बसवला की तो सहज दहाच्या पुढे जातो.

हा खर्च घरी मोजता येतो. चावी बंद करून बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा. मल्टिमीटर दहा अँपिअरच्या पट्टीवर ठेवून त्याची एक काडी सुटलेल्या वायरला आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्ह टोकाला लावा. आकडा शून्याजवळ दिसला तरच मिलिअँपिअरच्या पट्टीवर या. मीटर असा जोडलेला असताना चावी चुकूनही फिरवू नका, नाहीतर मीटरचा फ्यूज उडेल. काही गाड्यांचा ईसीयू पूर्ण झोपी जायला थोडा वेळ घेतो, तेव्हा पाच-दहा मिनिटे थांबून आकडा वाचा. खर्च जास्त निघाला तर एकेक फ्यूज काढून पाहायचा. ज्या फ्यूजला आकडा पडतो त्याच वाटेवर चोर आहे. सगळे फ्यूज काढूनही आकडा हलत नसेल तर रेग्युलेटर-रेक्टिफायरचा (कॉइलची वीज बॅटरीजोगी करणाऱ्या पेटीचा) वायरींचा प्लग काढून पाहा, आतला डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) गळत असण्याची शक्यता असते.

म्हणूनच गाडी तीन-चार आठवड्यांहून जास्त उभी राहणार असेल तर पूर्ण चार्ज केलेल्या बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडून ठेवणे हा सर्वांत सोपा आणि फुकटचा उपाय आहे. सोडताना आधी निगेटिव्ह, मग गरज असल्यास पॉझिटिव्ह. जोडताना आधी पॉझिटिव्ह, शेवटी निगेटिव्ह. यामागचे कारण लक्षात ठेवले की क्रम विसरत नाही. गाडीची संपूर्ण चेसिस निगेटिव्हला जोडलेली असते. निगेटिव्ह जागेवर असताना पॉझिटिव्हचा स्क्रू फिरवणारा पाना चेसिसला टेकला तर थेट शॉर्ट होतो, ठिणगी उडते आणि पान्याला खड्डा पडतो. वायर सोडल्यावर घड्याळ मागे पडेल आणि एखादी गाडी पहिल्या फेरीत आयडल थोडे वरखाली करेल. त्यात घाबरण्यासारखे काही नाही.

उतरलेली बॅटरी तशीच ठेवली तर काय होते, हे कळले की घाई का करायची तेही कळते. बॅटरी वीज देते तेव्हा प्लेटांवर लेड सल्फेट जमते. चार्ज केल्यावर ते परत विरघळते. ते बारीक आणि ताजे असेपर्यंतच हे जमते. आठवडेच्या आठवडे गेले की त्याचे खडे मोठे आणि कठीण होतात, मग चार्जरला ते दाद देत नाहीत. प्लेटचा तेवढा भाग कायमचा गेला. अशी बॅटरी चार्जरला लावली की व्होल्टेज झपाट्याने वर जाते, तासाभरात चार्जर ‘पूर्ण’ दाखवतो आणि सेल्फचे बटण दाबताच सगळे दिवे विझतात. भरलेली दिसते, पण आत साठवायला जागाच उरलेली नसते.

बॅटरीची खरी अवस्था व्होल्टमीटरवर कळते, मात्र मोजायची वेळ बरोबर हवी. गाडी चालवून किंवा चार्जर काढून लगेच मोजले तर फसवा, वाढीव आकडा दिसतो. काही तास, जमल्यास रात्रभर, तिला विश्रांती द्या. मग एजीएम बॅटरी १२.८ व्होल्ट किंवा थोडी वर, पाण्याची बॅटरी १२.६ ते १२.७ दाखवत असेल तर ती भरलेली आहे. १२.४ म्हणजे साधारण तीन चतुर्थांश, आणि याखाली ती ठेवायचीच नाही. १२.२ म्हणजे निम्मी, १२.० म्हणजे तळाला आलेली. भरपूर चार्ज करूनही आकडा १०.५ च्या आसपास अडला असेल तर सहापैकी एक सेल शॉर्ट झालेली आहे. तिथे पुन्हा पुन्हा चार्जिंग करण्यात अर्थ नाही.

चार्ज करताना करंट बॅटरीच्या क्षमतेच्या एक दशांश ठेवावा. पाच अँपिअर-तासाला अर्धा अँपिअर, नऊला ०.९. निम्मी उतरलेली छोटी बॅटरी या हिशेबाने सहा ते आठ तास घेते. मोटारगाडीचा चार-सहा अँपिअरचा चार्जर दुचाकीच्या बॅटरीला लावून ‘तासाभरात काम’ उरकण्याची पद्धत तिच्या प्लेटा वाकवते आणि आतले पाणी उडवते. सीलबंद बॅटरीत ते पाणी परत भरता येत नाही. एजीएमसाठी चार्जरचे व्होल्टेज १४.४ च्या आसपास हवे आणि पूर्ण झाल्यावर ते आपोआप १३.५ ते १३.८ वर उतरायला हवे. असा चार्जर महिनोन्महिने लावून ठेवता येतो. ज्या जुन्या चार्जरला स्वतःहून उतरणे माहीत नाही, तो लावून गावाला जाऊ नये. बॅटरीचे अंग हाताला चटका देण्याइतके गरम लागले तर चार्जिंग तिथेच थांबवा. चार्ज होताना हायड्रोजन सुटतो, तेव्हा जागा मोकळी हवी. आधी दोन्ही क्लिपा बॅटरीला लावा आणि मगच चार्जरचे बटण चालू करा. काढताना उलट क्रम.

बॅटरी फारच खाली गेली असेल तर आधुनिक चार्जर तिला ओळखतच नाही, लाल दिवा लावून बसतो. अशा वेळी दुसरी भरलेली १२ व्होल्टची बॅटरी पॉझिटिव्हला पॉझिटिव्ह, निगेटिव्हला निगेटिव्ह अशी काही मिनिटे समांतर जोडली की चार्जर काम सुरू करतो. हे डोळ्यांसमोर करायचे काम आहे, जोडून चहाला जायचे नाही. फुगलेल्या किंवा तडा गेलेल्या बॅटरीवर हा प्रयोग अजिबात नको.

पाण्याच्या बॅटरीत पातळी वरच्या आणि खालच्या रेषेच्या मध्ये हवी. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर आधी त्या बुडतील इतकेच डिस्टिल्ड वॉटर घाला. बाकीचे चार्जिंग झाल्यावर, कारण चार्ज होताना पातळी वर येते. ॲसिड घालायचे नाही. उडते ते पाणी, ॲसिड आतच असते. हायड्रोमीटर (ॲसिडची घनता मोजणारी नळी) असेल तर सहाही सेल तपासा. भरलेल्या सेलचे विशिष्ट गुरुत्व १.२६५ ते १.२८० असते. एखादी सेल बाकीच्यांपेक्षा ०.०५० ने मागे असेल तर ती मेलेली समजा. या बॅटरीची वाफ बाहेर नेणारी बारीक नळी दुमडलेली नाही ना, आणि तिचे टोक चेनवर गळत नाही ना, हेही पाहून घ्या. चेनची एकच बाजू गंजलेली दिसली तर पहिला संशय या नळीवर.

लिथियम बॅटरीला यातले बरेच नियम लागू नाहीत. ती विश्रांतीत १३.२ ते १३.४ व्होल्ट दाखवते, आणि १२.८ हा आकडा एजीएमला जितका छान तितकाच लिथियमला वाईट, कारण तिथे ती जवळपास रिकामी झालेली असते. सल्फेट फोडणारी झटक्यांची सोय असलेला चार्जर तिला लावू नये.

आता प्रत्यक्ष सेल्फ लागत नाही तेव्हा. बटण दाबताना कान द्या, निम्मे निदान तिथेच होते. ‘टक-टक-टक-टक’ अशी भराभर आवाजाची माळ आली तर रिले (मोटरला वीज जोडणारा विद्युत स्विच) ओढला जातो, मोटरने भार टाकताच व्होल्टेज पडते, रिले सुटतो, व्होल्टेज परत चढते आणि पुन्हा तेच. बॅटरी उतरलेली किंवा टर्मिनल ढिले. एकच दणकट ‘टक’ येऊन पुढे शांतता असेल तर रिलेचे कॉन्टॅक्ट जळलेले असू शकतात किंवा मोटरचे कार्बन (आत वीज पोचवणारे घासते तुकडे) अडकलेले. मोटरच्या जाड वायरीच्या टोकावर बटण दाबून व्होल्ट मोजा. तिथे अकरा-बारा व्होल्ट पोचत असूनही मोटर ढिम्म असेल तर दोष मोटरचा. काहीच पोचत नसेल तर रिलेचा. मोटर घुर्रर्र करून फिरते पण इंजिन फिरत नाही, असे असेल तर बॅटरी निर्दोष आहे. मोटर आणि इंजिन यांच्या मधला एकतर्फी क्लच घसरतो आहे. आणि आवाजच नसेल तर सर्वांत आधी किल स्विच, साइड स्टँड, न्यूट्रलचा दिवा आणि क्लच लिव्हरखालचा छोटा स्विच पाहा. बंद गाडीत या स्विचांच्या पितळी टोकांवर पातळ गंज चढतो. किल स्विच दहा-पंधरा वेळा पुढे-मागे केला तरी अनेकदा संपर्क परत येतो. त्यानंतर मुख्य फ्यूज.

सेल्फ मारताना बॅटरीच्या टोकांवर व्होल्टेज दहाच्या खाली फारसे जाऊ नये. नऊच्याही खाली आले तर बॅटरी चार्ज तरी करा किंवा बदला. पण व्होल्टेज बारालाच राहिले आणि मोटर रेंगाळली, तर वीज वाटेत अडते आहे. अशा वेळी लोक चांगली बॅटरी बदलतात आणि दुखणे तसेच राहते. मीटरची एक काडी बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर ठेवा आणि सेल्फ मारा. ०.२-०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर अर्थिंग (निगेटिव्हची चेसिस-इंजिनाशी जोडणी) खराब आहे. चेसिसला वायर जिथे बोल्टने आवळलेली असते तिथला रंग-गंज पॉलिशपेपरने चमकेपर्यंत घासा. टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी असेल तर पेलाभर कोमट पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून ब्रशने धुवा. हे पाणी सेलच्या झाकणातून आत जाता कामा नये. वाळल्यावर आधी वायर घट्ट आवळा आणि मग वरून पेट्रोलियम जेली लावा.

सेल्फ एका वेळी पाच सेकंदांहून जास्त मारू नये, आणि मध्ये किमान पंधरा-वीस सेकंद थांबावे. सलग वीस सेकंद बटण दाबून धरणाऱ्याच्या गाडीत बॅटरीबरोबर मोटरही जाते.

धक्का मारून गाडी सुरू करणे कार्ब्युरेटरच्या अनेक गाड्यांत जमते. इंधन इंजेक्शनच्या गाडीत बॅटरी पार मेली असेल तर ते व्यर्थ आहे, कारण पंप आणि ईसीयू यांना व्होल्टेजच मिळत नाही. चावी फिरवल्यावर टाकीतून दोन-तीन सेकंद येणारा पंपाचा बारीक आवाज आला नाही तर धावण्याचे कष्ट वाचवा. मोटारीच्या बॅटरीवरून जोडून घ्यायचे असेल तर मोटारीचे इंजिन बंद ठेवा. पॉझिटिव्ह पॉझिटिव्हला लावा; निगेटिव्हची शेवटची क्लिप दुचाकीच्या बॅटरीला नको, इंजिनाच्या धातूला लावा. आणि अशी सुरू झालेली गाडी तासभर फिरवून ‘झाली चार्ज’ म्हणू नये. पार रिकामी बॅटरी भरण्याचे ओझे कॉइल आणि रेग्युलेटरवर पडते. ते काम चार्जरचे आहे.

सेल्फ जोरात फिरतो आणि इंजिन पेट घेत नाही, तेव्हा बॅटरी सोडून पेट्रोलकडे वळा. उभ्या पेट्रोलमधला हलका, चटकन पेटणारा भाग आधी उडून जातो, मागे चिकट राळ उरते. कार्ब्युरेटरच्या पायलट जेटचे (आयडलला पेट्रोल सोडणाऱ्या बारीक तोटीचे) छिद्र अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान असते. ते बुजायला फार काही लागत नाही. इथेनॉल मिसळलेले पेट्रोल हवेतली ओल ओढते, ओल हद्दीबाहेर गेली की पाणी आणि इथेनॉल तळाशी वेगळे होतात आणि नेमके तेच आधी इंजिनाकडे जाते. कार्ब्युरेटरच्या वाटीखालचा स्क्रू सैल करून जुने पेट्रोल काचेच्या बाटलीत काढा. वार्निशसारखा वास आला किंवा तळाला थेंब वेगळे दिसले तर टाकीतलेही बदला. उभी करतानाच नळ बंद करून वाटी रिकामी केलेली असेल तर ही वेळ येत नाही. पत्र्याची टाकी मात्र काठोकाठ भरून ठेवावी, रिकाम्या जागेतल्या ओलीने ती आतून गंजते. इंजेक्शनच्या गाडीत चावी दोन-तीन वेळा चालू-बंद करून पंपाला दाब बनवू द्या, मग सेल्फ मारा.

स्पार्क प्लग काढून पाहणे हे दहा मिनिटांचे काम आहे. ओला निघाला तर पेट्रोल येते आहे पण ठिणगी कमी पडते किंवा इंजिन ओव्हरफ्लो झाले आहे. प्लग पुसून, वाळवून बसवा आणि थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून सेल्फ किंवा किक मारा. कोरडा निघाला तर पेट्रोलच पोचत नाही. ठिणगी तपासताना प्लगचे धातूचे अंग इंजिनाला घट्ट टेकलेले हवे आणि प्लगच्या भोकापासून दूर, कारण तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येते. एअर फिल्टरची पेटी उघडून एकदा आत डोकवा. उंदरांना ती जागा फार आवडते.

शेवटी नव्या बॅटरीबद्दल. ॲसिड वेगळे मिळणाऱ्या बॅटरीत ते भरून अर्धा-एक तास मुरू द्यावे लागते आणि मग पहिले चार्जिंग पूर्ण करावे लागते. भरली, बसवली, सेल्फ मारला, अशी घाई केली तर बॅटरी पूर्ण क्षमतेला पुढे कधी पोचत नाही. ग्राहकाने पहिल्या चार्जिंगचा आग्रह धरावा, उद्या या म्हटले तर उद्या जावे. बसवल्यावर इंजिन तीन ते पाच हजार फेऱ्यांवर नेऊन टर्मिनलवरचे व्होल्टेज पाहा. ते १३.५ ते १४.८ मध्ये हवे. १३ च्या खाली राहत असेल तर कॉइल, तिच्या वायरींचा जळका प्लग किंवा रेग्युलेटर यांपैकी काहीतरी गेले आहे आणि नवी बॅटरीही तशीच उतरेल. पंधराच्या वर जात असेल तर रेग्युलेटर आधी बदला आणि तोवर ती गाडी चालवू नका.

कळावे.

आपले,
दुचाकी विद्युत दुरुस्तीच्या कामातील काही वाचक